मतदान केंद्राध्यक्ष म्हणून पहिली निवडणूक : देवगडच्या किनाऱ्यावरचे दोन दिवस

ड्युटीचा आदेश शाळेत आला तो दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचा कार्यक्रम जाहीर झाला तेव्हाच अंदाज आला होता. पण मागच्या दोन निवडणुकांत मी मतदान अधिकारी होतो, बोटाला शाई लावायचं काम केलं होतं. या वेळी आदेशावर ‘मतदान केंद्राध्यक्ष’ लिहिलेलं होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. मशीन बंद पडलं तर, हिशेब जुळला नाही तर, भांडण झालं तर, सगळ्याला सही आपलीच. पुन्हा ड्युट्यांचे दिवस आले की कुणाच्या तरी हातात असाच कागद पहिल्यांदा पडेल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवतो. मालवण येतं कुडाळ मतदारसंघात, आणि आपल्याच मतदारसंघात ड्युटी देत नाहीत. मला मिळाला कणकवली मतदारसंघ, म्हणजे कणकवली, देवगड आणि वैभववाडी हे तालुके. कर्मचाऱ्यांची संगणकावर तीनदा सरमिसळ होते. कुठल्या गावात जायचं हे कळतं ते अगदी शेवटच्या टप्प्यात. अनेकांना याचा राग येतो, घरच्यांना काय सांगायचं हेच कळत नाही. मला मात्र हा नियम फार मोलाचा वाटतो. माझं केंद्र मलाच ठाऊक नसेल, तर माझ्यावर दबाव आणायला कुणी आधी येणार कुठून?

पहिलं प्रशिक्षण ऑक्टोबरच्या अखेरीस झालं. मोठ्या सभागृहात शेकडो माणसं आणि मशीन लांब व्यासपीठावर. मागे बसलेल्याला काही दिसत नाही. भाषण संपलं की बहुतेक जण गाडी पकडायला निघतात, तेव्हा तुम्ही थांबा. बाजूच्या खोल्यांत टेबलांवर मशिनं मांडलेली असतात. मी कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याच्या टेबलावरचं), बॅलट युनिट (मतदाराने बटण दाबायचं) आणि व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणारं) यांच्या जोडण्या पाच वेळा स्वतः लावल्या, काढल्या. व्हीव्हीपॅटच्या मागचा खटका प्रवासात आडवा आणि वापरताना उभा, एवढी एक गोष्ट विसरलो असतो तरी सकाळी घाम फुटला असता. टपाली मतदानासाठीचा नमुना १२ तिथेच भरून द्यावा लागतो. त्यासाठी आपला यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक घरून लिहून न्या. दुसऱ्या प्रशिक्षणाच्या दिवशी सुविधा केंद्रात जाऊन मी माझं मत दिलं. २०२३ मध्ये नियम बदलल्यापासून ड्युटीवरच्या माणसाला मतपत्रिका घरी नेता येत नाही, सुविधा केंद्रातच मत द्यावं लागतं. पूर्वी कागद घरी यायचा आणि तो कुणाकुणाच्या हातून जायचा ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तो बदल योग्यच झाला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार. साहित्य वाटप केंद्रावर सकाळी सातला हजर व्हायचं होतं. त्या वेळेला पोचवणारी एसटी नव्हती. आम्ही चौघांनी मिळून गाडी केली, माणशी ४०० रुपये पडले. सोबत न्या : सतरंजी, चादर, टॉर्च, मेणबत्ती आणि काडेपेटी (लाखेचं सील करायला), रुंद चिकटटेप, चांगली कात्री, दोन जादा पेनं, नेहमीच्या गोळ्या, डासांची अगरबत्ती. साहित्याच्या पिशवीत बरंच काही असतं, पण कात्री बोथट निघाली की त्या क्षणी तेच डोंगराएवढं होतं.

वाटप केंद्रावर घाई करू नका, हे मी हात जोडून सांगेन. मशीनवरचे क्रमांक आणि आपल्याला दिलेल्या पत्रावरचे क्रमांक तिथेच ताडून पाहा. मार्क कॉपी म्हणजे खुणा करायची मतदार यादी, तिचं पान न् पान आहे का ते मोजा. आमच्या यादीत एक पान दोनदा होतं आणि एक नव्हतंच. तिथे लक्षात आलं म्हणून वीस मिनिटांत बदलून मिळालं. गावात गेल्यावर कळलं असतं तर सकाळी त्या पानावरची माणसं दारात उभी राहिली असती.

नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या दिशेला एसटी वळली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. भातकापणी उरकलेली, कातळावरचं गवत पिवळं पडलेलं, कलमांना नवी पालवी. आमचं केंद्र म्हणजे खाडीच्या तोंडाजवळची जिल्हा परिषदेची शाळा. आम्ही चौघं आणि एक पोलीस हवालदार. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी रात्रीचं जेवण करून दिलं, भात, कुळथाची पिठी आणि वांग्याची भाजी. आम्ही माणशी १२० रुपये त्यांच्या हातात ठेवले. गावातल्या एका घरून जेवणाचं आमंत्रण आलं होतं. माणसं मायेनेच बोलावत होती, पण ते घर एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याचं होतं. मी हात जोडून नको म्हटलं. वाईट वाटलं त्यांना. तरी नकोच म्हणा.

संध्याकाळी खोली लावली. मतदान कक्ष, म्हणजे मत द्यायचा आडोसा, खिडकीपाशी येत होता, तो हलवला. खिडकीतून आत दिसता कामा नये हे तर झालंच, पण व्हीव्हीपॅटवर थेट उजेड पडला तर त्याचं काम बिघडू शकतं, म्हणून वरच्या दिव्याखालीही ठेवायचं नाही. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले.

मग कंदिलासारख्या त्या मिणमिणत्या बल्बखाली एएसडी यादी उघडली. ॲबसेंट, शिफ्टेड, डेड, म्हणजे घरी न सापडलेले, स्थलांतरित आणि मयत मतदार. बीएलओंनी, म्हणजे केंद्राच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, घरोघर फिरून ती केलेली असते. ८३१ मतदारांच्या आमच्या केंद्रात या यादीत ९६ नावं होती. कोकणातल्या माणसाला हा आकडा समजावून सांगायला नको. प्रत्येक घरातले एक-दोघे मुंबईला. कुणाचं नाव परळला, कुणाचं विरारला, आणि गावचंही काढलेलं नाही. गणपतीला, शिमग्याला माणूस गावात असतो, म्हणजे तो गावचाच, अशी आपली समजूत. कायद्याने मात्र नाव एकाच ठिकाणी असायला हवं, जिथे माणूस खरोखर राहतो तिथे. मशीनबद्दल आपण एवढे वाद घालतो, आणि यादी मात्र कुणी उघडून बघत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही ती मशीनमुळे नाही, या ९६ नावांमुळे.

२० तारखेला पहाटे चारला उठलो. मतदान सातला सुरू होतं, त्याआधी दीड तास, म्हणजे साडेपाचला मॉक पोल, चाचणी मतदान. त्यासाठी निदान दोन उमेदवारांचे एजंट हजर हवेत. साडेपाचला एकच पोरगा आला होता, अंगावर स्वेटर, हातात टॉर्च. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट पाहिली. पावणेसहाला सुरुवात करणार एवढ्यात दुसरा आला. तिसऱ्याची खुर्ची सव्वासात वाजेपर्यंत रिकामीच होती.

मॉक पोलमध्ये कमीत कमी ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला, आणि नोटालाही. कोणी कुठलं बटण दाबलं ते मी वहीत रेघा मारून लिहीत गेलो. मग क्लोज, रिझल्ट. कंट्रोल युनिटवरचे आकडे वहीशी जुळले. व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या मोजल्या तर काही जास्त भरल्या. माझे हात गार पडले. पहिल्या मतदान अधिकारी मॅडम बँकेत आहेत, त्यांनी शांतपणे सगळ्या चिठ्ठ्या सुलट्या केल्या. जादा चिठ्ठ्यांवर उमेदवाराचं नावच नव्हतं. मशीन चालू होताना स्वतःची तपासणी करून छापतं त्या चिठ्ठ्या होत्या. त्या वेगळ्या काढल्या, हिशेब बरोबर बसला. मी दोन्ही एजंटांना जवळ बोलावून पुन्हा मोजायला लावलं.

यानंतरचं बटण सगळ्यात महत्त्वाचं : क्लिअर. मॉक पोलची मतं पुसायची राहिली तर दिवसभराच्या खऱ्या मतांत ती मिसळतात, आणि मोजणीच्या दिवशी ते मशीन बाजूला ठेवावं लागतं. माझ्या वहीच्या कव्हरवर मी लाल पेनाने ‘क्लिअर’ एवढंच लिहून ठेवलं होतं. क्लिअर केल्यावर टोटल दाबून शून्य एजंटांना दाखवलं. व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी आहे हेही दाखवलं. मॉक पोलच्या चिठ्ठ्यांमागे शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सीलबंद केल्या. हिरव्या कागदी सीलवर एजंटांच्या सह्या घेतल्या. त्या पोराला मी म्हटलं, या सीलचा नंबर तुझ्या कागदावर लिहून घे. तो म्हणाला, “सर, आमका ह्या कोणी सांगूक नाय.” त्याला पक्षाने बिल्ला दिला होता, नाश्त्याला पैसे दिले होते. काय बघायचं ते सांगितलं नव्हतं.

माझं ठाम मत झालंय ते इथे. मशीन सुरक्षित ठेवायचे जे उपाय आहेत त्यातले निम्मे एजंटाच्या डोळ्यांवर चालतात. तो डोळा मिटलेला असेल तर सील हा नुसता कागद आहे. प्रत्येक पक्षाने आपल्या एजंटाला अर्धा दिवस शिकवलं, आणि प्रशासनाने त्यांच्यासाठी एखादं प्रशिक्षण मराठीत, मशीन समोर ठेवून घेतलं, तर निवडणुकीवरचा किती तरी संशय तालुक्याच्या पातळीवरच मिटेल.

सात वाजता रांगेत पंचवीस-तीस माणसं होती. पहिले दोन तास मान वर करायला मिळाली नाही. पहिल्या अधिकाऱ्याने ओळख पटवायची, नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने शाई आणि १७-ए या मतदारांच्या नोंदवहीत सही, तिसऱ्याने चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं बॅलटचं बटण दाबायचं. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सातच सेकंद दिसते. पुष्कळ माणसं बटणाकडेच बघत राहतात. मी दारातच प्रत्येकाला सांगायला लागलो की बटण दाबलं की शेजारच्या काचेत बघा. कोणाला मत देता ते नाही, फक्त कुठे बघायचं ते. चिठ्ठी चुकीची आली अशी कुणाची तक्रार असेल तर लेखी घोषणापत्र घेऊन चाचणी मत घ्यायची तरतूद आहे, तिचा नमुना हाताशी ठेवा. माझ्याकडे वेळ आली नाही.

दर दोन तासांनी टक्केवारी कळवायची असते. शाळेत नेटवर्क नाही. पोलीस हवालदार किंवा शिपाई फोन घेऊन मागच्या सड्यावर चढायचे, तिथे एक काडी मिळायची. तुमचं केंद्र किनाऱ्याच्या उतरणीवर असेल तर हे आदल्या संध्याकाळीच शोधून ठेवा, आणि क्षेत्रीय अधिकाऱ्यांना सांगून ठेवा.

साडेदहाच्या सुमारास एक आजी आल्या, नऊवारी, हातात काठी, सोबत नात. मॅडमनी नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. एएसडी यादीत त्यांच्या नावापुढे ‘मयत’ होतं. मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारपूस सुरू केली, पण आजींनी ऐकलं.

“मी मेलंय म्हणान कोणी सांगल्यान? मी हंय उभी आसंय मां!”

खोली गप्प झाली. त्यांच्या आवाजात राग होता, पण डोळ्यांत पाणी होतं. त्यांची जाऊ चार महिन्यांपूर्वी वारली होती. आडनाव एक, घर एक, आणि लिहिताना खूण चुकीच्या ओळीवर पडली होती. नशीब एवढंच की एएसडी यादीत नाव असलं तरी मतदार यादीतून ते गेलेलं नसतं. अशा माणसाला मत देता येतं, फक्त ओळखपत्र केंद्राध्यक्षाने स्वतः तपासायचं, घोषणापत्र घ्यायचं, १७-ए मध्ये सहीबरोबर अंगठाही घ्यायचा. आजींचं ओळखपत्र होतं, एजंटांनीही ओळखलं. मत देऊन बाहेर येताना त्यांनी शाईचं बोट माझ्यासमोर धरलं आणि काही न बोलता गेल्या.

दुपारचा दुसरा प्रसंग मात्र तसा सुटला नाही. चाळिशीचा एक माणूस, रात्रभर खासगी बसने मुंबईहून आलेला, पाठीवर बॅग तशीच. त्याच्या नावावर यादीत ‘वगळले’ असा शिक्का होता. एएसडी वेगळं आणि वगळलेलं वेगळं. वगळलेल्या नावाला मत देता येत नाही, ओळखपत्र असलं तरी. त्याचं म्हणणं होतं की तो दोन वर्षांपूर्वीच गावी परतलाय, कलमांची कामं बघतो, आठ दिवसांसाठी फक्त मुंबईला गेला होता. त्याला नोटीस मिळाली नव्हती, की घर बंद होतं तेव्हा येऊन गेली, देव जाणे. मी त्याला नियम वाचून दाखवला. त्याने वाद घातला नाही. ओट्यावर बसून राहिला बराच वेळ. मी त्याला नमुना ६ कसा भरायचा ते एका कागदावर लिहून दिलं. दिवसभरात मला सर्वांत जास्त लागलं ते हे.

म्हणून सांगतो, मतदानाच्या आदल्या आठवड्यात यादी बघून उपयोग नाही. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळायला किंवा हरकत घ्यायला नमुना ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. हे वर्षभर देता येतात. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसाआधी जे होईल तेच त्या निवडणुकीत लागू होतं. ग्रामसभेत यादीवाचन होतं तेव्हा आपल्याकडे पाच माणसं असतात. तिथे वाडीवाडीने नावं मोठ्याने वाचली आणि वाडीतली दोन जाणती माणसं हजर राहिली, तर त्या आजी मेल्या नसत्या आणि हा माणूस गळला नसता. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतली नोंद मतदार यादीकडे आपोआप जावी हेही मला तेव्हा वाटलं होतं. पुढे मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने मृत्यूनोंदी थेट मिळवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा मनापासून बरं वाटलं.

चारनंतर बोटी परतल्या आणि मच्छीमार वाडीतली माणसं एकदम आली. सहाला दार बंद करताना रांगेत १९ जण होते. चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत यायच्या, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी शेवटचं मत पडलं. क्लोज दाबलं. टोटल ५३७. १७-ए मधला शेवटचा क्रमांक ५३७. मॅडमनी आणि मी एकमेकांकडे बघून श्वास सोडला.

आता नमुना १७-सी. एकूण मतदार, नोंदवहीतली मतं, मशीनमधली मतं, सीलचे क्रमांक, सगळं त्यात येतं, आणि त्याची सही केलेली प्रत प्रत्येक एजंटाला द्यायची. एक एजंट पाच वाजताच निघून गेला होता. एकाला प्रत दिली तर त्याने घडी करून खिशात घालायला घेतली. मी थांबवलं. म्हटलं, हा कागद मोजणीच्या टेबलावर जाणाऱ्या तुमच्या माणसाच्या हातात पडला पाहिजे. तिथे मशीनवर ५३७ दिसलं पाहिजे, सीलचे नंबर हेच दिसले पाहिजेत. पहाटे स्वेटर घालून आलेला पोरगा मात्र ओळीओळीवर बोट फिरवत वाचत होता. केंद्रनिहाय १७-सी सगळ्यांना बघता यावेत अशी मागणी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, न्यायालयाने तेव्हा अंतरिम आदेश दिला नाही. माझं म्हणणं साधं आहे. तो कागद त्याच संध्याकाळी शाळेच्या फळ्यावर चिकटवून जायची मुभा केंद्राध्यक्षाला द्यावी. गाव बघेल. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या मोजतात, पण १७-सी तर प्रत्येक केंद्राचा असतो, आणि त्याला खर्चही काही नाही.

सीलिंगला सव्वा तास गेला. पाकिटांची यादी आधी मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा आणि एकेक झालं की खूण करा. एसटी वाटेत आणखी सहा केंद्रांच्या टीम घेत गेली, दहा वाजून वीस मिनिटांनी जमा केंद्रावर पोचलो. तिथे रांग. केंद्राध्यक्षाच्या डायरीतली एक वेळ लिहायची राहिली होती, टेबलावरच्या बाईंनी परत पाठवलं, पुन्हा रांग. रात्री एक चाळीसला पोच मिळाली. ती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते.

२३ तारखेला दुपारी शाळेत होतो, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. तोच पोरगा. निघताना माझा नंबर घेतला होता त्याने. मोजणीला त्यालाच पाठवलं होतं. “सर, पाचशे सदतीस. सील नंबर पण तोच.” त्याचा उमेदवार जिंकला की हरला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या रविवारी मी आमच्या स्वतःच्या गावची यादी ऑनलाइन उघडली. आमच्या घर क्रमांकाखाली बाबांचं नाव, माझं, बायकोचं. आणि मध्ये आईचं. आई जाऊन अडीच वर्षं झाली होती. मृत्यूचा दाखला कपाटात होता, वारस नोंदीसाठी त्याच्या चार प्रती काढल्या होत्या. एकही बीएलओंना दिली नव्हती. २ डिसेंबरला नमुना ७ भरला, दाखल्याची प्रत जोडली, बीएलओ ताईंच्या घरी जाऊन दिला. त्यांनी पोच दिली आणि आईची आठवण काढून चहा ठेवला. खर्च झेरॉक्सचे चार रुपये. मधल्या काळात एकदा घरी येऊन त्यांनी बाबांकडे खातरजमा केली.

नवी यादी लागल्यावर बाबांना चष्मा देऊन दाखवली. त्यांनी आपलं नाव वाचलं, मग खालचं माझं वाचलं, आणि बोट बराच वेळ त्या दोन ओळींच्या मध्ये ठेवलं.